मन थाऱ्यावर कसे आणावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून कोणी विदुषी बोलावतो. या वर्षी आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले, आणि चिठ्ठीत नाव माझे निघाले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्याख्यान मला येत नाही. पण गेली तीन वर्षे मी रोज पहाटे श्वासाकडे लक्ष ठेवून बसते, हे गल्लीतल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. "बसतेस ते ठीक, पण मन बसते का ग?" हा प्रश्न मला किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात, दत्तगडाच्या पायऱ्या चढतानासुद्धा विचारला गेला आहे. तेव्हा त्याच प्रश्नावर बोलते.

याला श्वासाचे ध्यान म्हणा, पाली भाषेत आनापान म्हणतात. आन म्हणजे आत येणारा श्वास, अपान म्हणजे बाहेर जाणारा. भगवान बुद्धांनी सांगितलेली रीत इतकी साधी आहे की प्रथम ऐकणाऱ्याला हसू येते. पाठ ताठ ठेवून बसावे. श्वास लांब आला तर लांब आला हे जाणावे, आखूड आला तर आखूड आला हे जाणावे. तो लांबवायचा नाही, कोंडायचा नाही. प्राणायामात श्वास आपण चालवतो. इथे तो चालतो तसा पाहायचा. एवढेच काम, आणि दोन मिनिटे होत नाहीत तोच मन डाळीच्या डब्यापाशी जाऊन उभे राहते!

हे शिक्षण दूर देशचे आहे असे कोणी समजू नये. आपल्या देहूरोडला बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याही आधी गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी हे ज्ञान मराठीत आणले. त्यांचा जन्म १८७६ चा. १८९९ साली बुद्धाचा शोध घेत ते घराबाहेर पडले. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडले, भिक्षू झाले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि ध्यानावर 'समाधिमार्ग' नावाचे मराठी पुस्तक लिहिले. थोर माणूस. पण ते निघाले तेव्हा घरी पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्या माउलीचे मन त्या वर्षांत कोठे कोठे फिरले असेल, तेही कोणी लिहायला हवे होते, असे मला आपले वाटते.

अलीकडच्या काळात ज्यांच्यामुळे हे घरोघरी पोचले ते सत्यनारायण गोयंका. ते ब्रह्मदेशातले व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. औषधांनी उतार पडेना, तेव्हा ते रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि १९५५ साली त्यांचे पहिले शिबिर झाले. पुढे आईच्या दुखण्याच्या निमित्ताने १९६९ साली ते भारतात आले आणि मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीला त्यांचे मोठे केंद्र आहे. २०१३ साली ते वारले. त्यांच्याच परंपरेचे एक केंद्र आपल्याला जवळ आहे, आळंदीच्या पुढे मरकळ गावाजवळ. मी तेथेच गेले होते.

आता का गेले तेही सांगितले पाहिजे. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात ह्यांची अठरा वर्षे गेली. कारखान्याचे नाव घेत नाही, त्याचे इथे काम नाही. एका शनिवारी संध्याकाळी हातात कागद दिला आणि सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितले. घराचा हप्ता चालू, मुलगी बारावीला, सासूबाईंचे औषधपाणी महिन्याचे. ह्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. ते गप्प बसले आणि माझे डोके बोलू लागले. रात्री दोनला जाग यावी आणि हिशेब सुरू व्हावा. सोसायटीतल्या पतपेढीत किती, माझ्या अंगावर किती, धाकट्या दिरांकडे मागावे की मागू नये. तोच हिशेब पाच वाजेपर्यंत शंभर वेळा, आणि उत्तर दरवेळी तेच. दिवसा पोळी तव्यावर करपावी आणि मला धूर दिसू नये, असे झाले. समोरच्या इमारतीतल्या एक ताई रोज बुद्धवंदना करतात. त्यांनी मरकळचे सांगितले. दहा दिवस घर सोडायचे म्हणजे गृहिणीला केवढा डोंगर, ते तुम्हाला सांगायला नको. पण सासूबाईच म्हणाल्या, "जा, नाहीतर तुझ्यासाठीही गोळ्या आणाव्या लागतील." नणंद येऊन राहिली.

तेथे दहा दिवस मौन. मोबाईल जमा करून घेतात. पहाटे चारला घंटा, दिवसाचे सुमारे दहा तास बसणे, बायकांची व्यवस्था वेगळी. फी नाही, आधी येऊन गेलेल्यांच्या दानावर सगळे चालते. पहिले तीन दिवस फक्त श्वास. मला वाटले होते, इथे स्वयंपाक नाही, दाराची बेल नाही, नळाची वेळ नाही, तेव्हा मन आपोआप शांत होईल. झाले उलटे. काम नाही म्हटल्यावर मनाला रान मोकळे मिळाले. मी मरकळला आणि ते दिवसभर दिघीत. गॅसचा नंबर लावला का, मुलीने डबा नेला का, आणि त्या सहीवाल्या साहेबाला भर रस्त्यात काय काय सुनवायचे याची तर पूर्ण भाषणे मी मनात रचली. आजच्या या भाषणापेक्षा ती कितीतरी चांगली झाली होती!

पुढे ताईंकडच्या पुस्तकात मला मेघियाची गोष्ट सापडली, आणि जीव हलका झाला. मेघिय हा बुद्धांच्या सेवेत असलेला भिक्षू. भिक्षेहून परतताना किमिकाळा नदीच्या काठी त्याला एक सुंदर आमराई दिसली. ध्यानाला याहून चांगली जागा कोठे मिळणार, असे त्याला वाटले. त्याने बुद्धांकडे परवानगी मागितली. ते म्हणाले, आपण दोघेच आहोत, दुसरा कोणी भिक्षू येईपर्यंत थांब. त्याने पुन्हा मागितली, तिसऱ्यांदाही मागितली, तेव्हा ते म्हणाले, जा बाबा. मेघिय आमराईत जाऊन झाडाखाली बसला, आणि त्याच्या मनात काय उठले? हव्यासाचे विचार, द्वेषाचे विचार, दुसऱ्याला दुखवण्याचे विचार. घरदार सोडलेला माणूस, गुरू प्रत्यक्ष बुद्ध, वर आंब्याची सावली, आणि मन पाहा कसे! तो परत आला. बुद्ध त्याला रागावले नाहीत. मन पिकलेले नसेल तर ते पिकवायला काय काय लागते, ते त्यांनी सांगितले. त्यात सर्वांत पहिली गोष्ट कोणती, तर चांगली सोबत. कल्याणमित्र असा त्यांचा शब्द आहे. मग शील, उपयोगी बोलणे, नेट आणि समज. त्यानंतर चार औषधे सांगितली, आणि त्यात भरकटणारे विचार तोडायला कोणते, तर हेच आनापान.

आपण बायका नेहमी म्हणतो, कोठे वेळ आहे, कोठे जागा आहे, दोन खोल्यांत पाच माणसे. खरे आहे. पण मेघियाकडे आख्खी आमराई होती. त्याला उणी पडली ती सोबत.

आता मन पळते त्याचे करायचे काय? याला जुन्या आचार्यांनी वासराचा दाखला दिला आहे. ज्यांचे माहेर गावाकडचे आहे त्यांना तो लगेच पटेल. रानात वाढलेले, ओढाळ गाईचे दूध प्यालेले वासरू गुराख्याला वळणावर आणायचे आहे. तो त्याला मारत बसत नाही. एक खुंटा पक्का रोवतो आणि दाव्याने वासरू बांधतो. वासरू ओढते, उड्या मारते, गोल फिरते. पण दावे काही तुटत नाही. शेवटी दमून ते त्या खुंट्यापाशीच बसते. मन हे वासरू, श्वास हा खुंटा, आणि आठवण ठेवणे, म्हणजे ज्याला ते स्मृती म्हणतात, ते दावे. भगिनींनो, यात लक्षात घेण्याची गोष्ट अशी की वासरू ओढणार हे गुराख्याने धरलेलेच असते. ते ओढते म्हणून तो खुंटा उपटून घरी जात नाही. मन गेले, हे कळले, की त्याच क्षणी दावे ताणले गेले असे समजावे, आणि पुन्हा नाकपुडीपाशी यावे. वीस मिनिटांत पन्नास वेळा गेले तर पन्नास वेळा यावे. मन गेले ते फुकट आणि आले तेवढेच ध्यान, असा हिशेब मी सुरुवातीला करीत असे. तेथील शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितले की गेलेले कळणे हेच तर काम आहे.

नुसत्या श्वासावर मन अजिबात टिकत नसेल तर मोजण्याची एक रीत आहे. मरकळच्या पद्धतीत आकडे किंवा नाम काही जोडत नाहीत, हे आधी सांगते; शिबिराला जाल तेव्हा त्यांचे ऐका. पण पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोष आचार्यांनी 'विसुद्धिमग्ग' हा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात नवशिक्यासाठी मोजणे सांगितले आहे. आपल्या कोसंबींनी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठापर्यंत जाऊन काम केले ते याच ग्रंथावर. त्यात म्हटले आहे की प्रथम धान्य मापणाऱ्यासारखे सावकाश मोजावे. आपल्याकडे खळ्यावर मापारी पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणतो आणि पुढचे माप भरेपर्यंत "लाभ, लाभ" घोळवत राहतो, तो आठवा. त्या ग्रंथातला मापारीही तसाच पुढचे माप भरताना तोच आकडा पुन्हा पुन्हा उच्चारतो. पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत थांबले तर मन कोंडवाड्यातल्या गुरासारखे घुसमटते आणि दहाच्या पुढे गेले तर श्वास राहतो बाजूला आणि मन आकड्यांवरच स्वार होते. मी मोजून पाहिले, अगदी तसेच होते. एकदा मी सदतीसपर्यंत गेले होते आणि श्वासाचा पत्ता नव्हता. पुढे मन जरा बसले की गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखे मोजावे. तो सकाळी खडे घेऊन गोठ्याच्या फाटकाशी बसतो आणि गाय फाटकाशी आली की एक खडा टाकतो. आणि मन श्वासावर टिकू लागले की मोजणे सोडून द्यावे. पांगुळगाडा मूल चालेपर्यंतच असतो.

आवाजाचेही पुष्कळ जणी विचारतात. आळंदी रस्त्यावर रात्रभर मालमोटारी, आणि डोक्यावरून लोहगावची विमाने. लढाऊ विमान गेले की भांडी सुद्धा थरथरतात. ध्यान कसले राहते? त्याच ग्रंथात वेशीवरच्या पहारेकऱ्याची उपमा आहे. तो गावातल्या माणसांची चौकशी करीत फिरत नाही, गावाबाहेरच्यांचीही करीत नाही. जो वेशीत आला त्याच्याकडेच बघतो. नाकपुडी ही आपली वेस. विमान आले, आवाज झाला, छातीत धस्स झाले, गेले. "हे रोज ह्याच वेळी का उडवतात, आमच्या इमारतीवरूनच का" असे म्हणत आपण त्याच्या मागे गेलो, तर मात्र वेशीवर कोणी राहिले नाही.

काही विचार मात्र असे चिवट असतात की खुंटा आणि वेस दोन्ही पुरत नाहीत. त्यांच्यासाठी मज्झिम निकायात एक स्वतंत्र सुत्त आहे, वितक्कसंठान नावाचे. त्यात पाच उपाय एकापुढे एक सांगितले आहेत. पहिला सुताराचा. लाकडात बसलेली जाड खुंटी सुतार बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो, तसा वाईट विचार चांगल्या विचाराने काढावा. ते साधले नाही तर त्या विचाराने आपले काय नुकसान होते ते नीट पाहावे. तेही न साधले तर नको असलेल्या दृश्यापासून आपण जशी नजर वळवतो तशी वळवावी. चौथा मला फार आवडतो. एक माणूस घाईने चालला आहे. त्याच्या मनात येते, मी घाई का करतो, हळू चालू या. मग, चालतो तरी कशाला, उभा राहू या. मग बसू या. मग आडवा होऊ या. तसे विचाराला विचारावे, बाबा, तू आलास कोठून? दोनच्या हिशेबाला मी हे विचारू लागले. आकडे कोठून आले? हप्त्यातून. हप्ता कोठून आला? घर जाईल या भीतीतून. भीती आता कोठे आहे? पोटात, बेंबीच्या वर, घट्ट. तेथपर्यंत आले की हिशेब थांबलेला असे. भीती असे, पण ती नुसती पोटातली गाठ असे. तिच्याकडे बघत पडून राहिले की कधी डोळा लागे ते कळत नसे.

पाचवा उपाय म्हणजे दातावर दात ठेवून, जीभ टाळूला लावून, मनाने मनाला दाबणे. बलदंड माणूस दुबळ्याला खांद्याला धरून दाबतो तसे. बुद्धांनी तो सर्वांत शेवटी ठेवला आहे. आपण बायका काय करतो? तोच पहिला करतो. लहानपणापासून आपल्याला तेवढाच शिकवलेला असतो. गप्प बस, गिळून टाक, डोळे पूस आणि ताटे वाढ. पहिले चार आपल्याला कोणी सांगितलेच नाहीत. ही माझी तक्रार आहे आणि ती मी इथे नोंदवून ठेवते.

त्या सहीवाल्या साहेबाचा राग हा माझा सर्वांत चिवट विचार. रागावर बुद्धांनी मेघियाला औषध सांगितले ते मैत्रीचे, म्हणजे सगळ्यांचे भले चिंतण्याचे. ऐकूनच मला संताप आला होता. ह्यांच्या अठरा वर्षांवर ज्याने रेघ मारली त्याचे भले चिंतू? पण विसुद्धिमग्गात म्हटले आहे की मैत्री वैऱ्यापासून सुरू करूच नये. आधी स्वतःपासून, मग ज्यांच्याविषयी आदर आहे अशा कोणापासून, आणि वैरी अगदी शेवटी. त्याने मोठी सोय झाली. मी स्वतःपासून सुरू केले, मग माझ्या सातवीच्या बाई, मग सासूबाई, मग मुलगी आणि हे. तीन वर्षे झाली, साहेबापर्यंत मी अजून पूर्ण पोचलेले नाही. परवा भोसरीच्या बाजारात ते दिसले. मेथीची जुडी हातात घेऊन भाव करीत होते. मी रस्ता बदलला नाही, आणि रचलेल्या भाषणांतले एकही भाषण मला आठवले नाही. ह्यांना आठ महिन्यांनी दुसरे काम मिळाले, पगार कमी आहे. ते श्वासाकडे पाहिल्यामुळे मिळाले असे मी सांगणार नाही. ते ओळखीने मिळाले. पण ते आठ महिने घरात भांडे आपटले गेले नाही.

ज्यांना वाटते की हे साधूबैराग्यांचे काम, त्यांच्यासाठी एक गोष्ट. बुद्धांच्या काळच्या भिक्षुणींच्या गाथांचा संग्रह आहे, थेरीगाथा. त्यातल्या पहिल्याच थेरीची कथा जुन्या टीकेत आली आहे. ती गृहिणी होती. तिला भिक्षुणी व्हायचे होते, पण नवऱ्याने परवानगी दिली नाही. एक दिवस ती स्वयंपाक करीत असता आगीचा भडका उडाला आणि भाजी जळून गेली. आपण काय केले असते? डोक्याला हात लावला असता. तिने त्या जळलेल्या भाजीकडेच चित्त लावले की, सगळे असेच जायचे आहे, आणि त्या चुलीपुढेच तिला पुष्कळ पुढची अवस्था मिळाली. मग नवऱ्यानेही तिला जाऊ दिले. त्याच संग्रहात दुसरी एक सामा नावाची थेरी आहे. ती सांगते की घर सोडून पंचवीस वर्षे झाली तरी मला मनाची शांती मिळाली नव्हती. पंचवीस वर्षे! आणि तिने ते लपवले नाही, गाथेत घातले. पुढे तिलाही मिळाली.

आपल्या मंडळातल्या एक वडीलधाऱ्या काकूंनी विचारले होते, "अग, आपण माळकरी. हरिपाठ सोडून हे कसले श्वास मोजणे?" मी म्हटले, काकू, हरिपाठ सोडायला कोणी सांगितले? तुमच्या हातात माळ असते आणि मन सुनेच्या फोनवर असते, हे तुम्हीच मला सांगितले. तेथून ते मण्यावर परत आणायचे म्हणजे हेच. काकू हसल्या. त्या गेल्या वारीला पालखी मॅगझीन चौकात आली तेव्हा माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज एकदाही गेले नाही बघ." त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

एक सांगायचे राहिले. ज्यांना मनाच्या आजाराची औषधे चालू आहेत, किंवा घरात नुकतेच मरण झाले आहे, त्यांनी एकदम दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ नये; आधी डॉक्टरांना विचारावे. शिबिराच्या अर्जातही तब्येतीचे विचारतात, ते खरे लिहावे. आणि औषध तर कोणीही आपल्या मनाने बंद करू नये.

अध्यक्षीणबाईंशी बोलून असे ठरले आहे की दर गुरुवारी दुपारी चारला, मुले शाळेतून येण्याच्या आधी, मंडळाच्या खोलीत वीस मिनिटे बसायचे. वर्गणी नाही. बसकर ज्याचे त्याने आणावे. गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवर बसावे. मला येते तेवढे मी सांगेन, येत नाही ते समोरच्या ताई सांगतील. कोणाचे मन किती वेळा गेले याची चर्चा चहाच्या वेळी करू.

आता अल्पोपाहाराला अजून दहा मिनिटे आहेत. कढईखालचा गॅस बंद केला आहे, मी विचारून घेतले. तेव्हा पाच मिनिटे इथेच बसून पाहू या. लहान मुलांना जरा बाहेर अंगणात पाठवा. मोबाईल पिशवीत ठेवा. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटून घ्या. श्वास येतो आहे. लाभ.